पाचव्या प्रकरणासाठी नांदेड ते निलंगा

नांदेडला निघाले तेव्हा बहीण म्हणाली, "गुरुद्वारा बघून ये, आणि गोदावरीत पाय बुडवून ये." दोन्ही केलं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मी ते सोडून देते. मी गेले होते एका प्रबंधाची तोंडी परीक्षा घ्यायला. तीस वर्षं कोल्हापुरात राज्यशास्त्र शिकवलं, अशा परीक्षांसाठी पुष्कळ गावं पालथी घातली. त्यातला हा एकच प्रवास असा, की त्याची बॅग मी अजून पुरती उघडलेली नाही असं मला वाटतं.

ज्याचा प्रबंध होता त्याला मी नबील म्हणते. हे त्याचं नाव नव्हे. त्याच्या देशाचंही नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

नांदेड

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आताच अंगाला टोचत होतं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांच्या घोळक्यातून एक उंच, काटकुळा, कुरळ्या केसांचा माणूस पुढं आला. अडतीस-चाळीसचा असावा. माझी बॅग त्यानं आधी घेतली, मग नमस्कार केला.

"प्रवास बरा झाला का मॅडम? लई थकल्या असाल."

मी बघतच राहिले. अरबी चेहरा आणि तोंडी ही भाषा. तो हसला. "नऊ वर्षं झाली नांदेडात. रशीदभाईच्या घरी राहून राहून शिकलो."

ज्यानं परीक्षा द्यायची त्यानंच परीक्षकाला घ्यायला यावं हे आमच्याकडं खपलं नसतं. मी तसं बोलूनही दाखवलं. विभागाची गाडी बंद पडली होती आणि मोकळं असं कुणी नव्हतं, हे त्यानं इतक्या ओशाळवाण्या चेहऱ्यानं सांगितलं की मी गप्प रिक्षात बसले.

रिक्षा गेस्ट हाऊसला जायच्या ऐवजी एका गल्लीत थांबली. गादी-रजईचं दुकान, मागं घर. दारात रशीदभाई उभे. साठीचे, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. नबील त्यांचा भाडेकरू. नाष्टा करूनच जायचं, असा त्यांचा हुकूम. मी म्हटलं, "परीक्षेआधी उमेदवाराच्या घरी जेवणं बरं दिसत नाही."

"परीक्षा त्याची हाय, आमची न्हाई," रशीदभाई म्हणाले. "घर आमचं हाय. या, बसा."

मी आत जाऊन बसले. पिवळी खिचडी, वर कीमा, बाजूला चिंच-तिळाचा पातळ खट्टा. आमच्याकडं खिचडी आजाऱ्याला देतात. इथं तीच सकाळी पोटभर खाऊन माणसं कामाला लागतात. मी दोनदा वाढून घेतली. रशीदभाईंची बायको पडद्याआडून म्हणाली, "नबीलला डॉक्टर करून द्या मॅडम. नऊ साल झाले, घरचं तोंड बघितलं न्हाई त्यानं."

नबील खाली बघून खात होता. मला वाटलं, संकोच.

प्रबंध मी घरून वाचून गेले होते. विषय त्याच्या देशाची राज्यघटना: राष्ट्राध्यक्षाच्या हाती काय, कायदेमंडळाच्या हाती काय, आणि दोघांच्या मधल्या जागेचं काय. त्यांच्याकडं राष्ट्राध्यक्ष लोक थेट निवडतात. मंत्री तो नेमतो, सैन्य त्याचं. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, तसं तिथं नाही. सभागृह भरलेलं नसेल तर तो एकट्याच्या सहीनं हुकूम काढू शकतो, पण सभागृह भरलं की पहिल्याच बैठकीत तो हुकूम मांडावा लागतो. आणि त्याला पद सोडायचं असेल, तर राजीनामा सभागृहाला द्यायचा. सभागृहानं बहुमतानं तो स्वीकारला तरच तो सुटतो.

पहिली चार प्रकरणं नीटनेटकी होती. पाचवं मात्र मी एका बैठकीत वाचून काढलं. राजधानीत बंदुका आल्या, राष्ट्राध्यक्षानं राजीनामा लिहिला आणि तो निसटला. राजीनामा घ्यायला सभागृह काही भरलं नाही, आणि त्याची मुदत संपली तरी निवडणूक झाली नाही. पुढं अर्धे सभासद एका शहरात बसू लागले, अर्धे दुसऱ्या शहरात. दोन्हीकडं सत्ता चालवणारी मंडळं निघाली, दोन्हीकडून हुकूम सुटू लागले. नबीलनं यात कुणाची बाजू घेतली नव्हती. घटनेचं एकेक कलम पुढं ठेवून त्यानं नुसतं विचारलं होतं, याला आधार काय? असं लिहिणारा विद्यार्थी मला पुष्कळ वर्षांत भेटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. खुली होती. विभागाचा हॉल निम्मा भरलेला, समोर मोठा पडदा. नबीलचे मार्गदर्शक केंद्रे सर निवृत्त होऊन निलंग्याजवळ गावी राहत होते. घसरून पडल्यानं मांडीचं हाड मोडलं होतं, म्हणून ते अंथरुणावरूनच पडद्यावर आले. त्यांच्याशिवाय दुसऱ्या शहरांत शिकणारे नबीलच्या देशाचे दोघंतिघंही पडद्यावर होते.

त्यानं प्रश्नांची उत्तरं शांतपणे दिली. मी पाचव्या प्रकरणावर आले. त्याचं भरभरून कौतुक केलं, आणि मग मला मोह झाला. प्रकरण सगळं सांगत होतं, फक्त शेवटचं वाक्य लिहायचं टाळत होतं. मी म्हटलं, "तुमच्या घटनेप्रमाणे आज तुमच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण? एका वाक्यात सांगा."

तो समोरच्या प्रबंधाची पानं चाळू लागला. पडद्यावर केंद्रे सर हात हलवत होते, काहीतरी बोलत होते. तिकडून ट्रॅक्टरची घरघर येत होती म्हणून विभागप्रमुखांनी त्यांचा आवाज आधीच बंद करायला लावला होता.

"प्रश्न कठीण आहे का?" मी विचारलं. हॉलमध्ये थोडं हसू पसरलं.

नबीलनं पाण्याचा घोट घेतला. "घटनेप्रमाणे कुणीच नाही, मॅडम," तो म्हणाला. "या बाजूचेही नाहीत आन त्या बाजूचेही नाहीत."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. पडद्यावरचा एक मुलगा उठून उभा राहिला होता, डोळे पुसत होता.

शाल, श्रीफळ, पेढे. निकाल मात्र जाहीर झाला नाही, कारण अहवालावर माझी आणि केंद्रे सरांची सही शाईनं आणि एकत्र लागणार होती. मी लातूरहूनच परतीची गाडी धरणार होते. तेव्हा वाट वाकडी करून निलंग्याला जावं, सही घ्यावी आणि लिफाफा नबीलबरोबर परत पाठवावा, असं ठरलं. अहवालात तीन चौकटी होत्या: पदवी द्यावी, दुरुस्ती करून पुन्हा सादर करावा, नाकारावा. मी पहिलीत खूण केली. चुकलंच तर असावा म्हणून प्रमुखांनी एक कोरा फॉर्मही लिफाफ्यात सरकवला.

अहमदपूर

सकाळी नांदेडहून एस.टी.नं निघालो. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची काढणी चाललेली, मधेमधे करडईचे काटेरी पिवळे पट्टे. माझ्या डोळ्यांना आमचा हिरवागार ऊस नसलेलं हे रान उघडं वाटत होतं, पण आभाळ इतकं मोठं मी आमच्याकडं कधी पाहिलं नाही. नबील खिडकीशी बसला होता. मी त्याला पिकांची नावं विचारली. त्यानं सगळी बरोबर सांगितली, पण एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

अहमदपूरच्या स्टँडात गाडीनं मान टाकली. ड्रायव्हरनं खाली उतरून, वाकून बघितलं आणि कंडक्टरला म्हणाला, "ही काय आता हलत न्हाई." लातूरची दुसरी गाडी तासाभरानं. स्टँडात बाजारच्या दिवसाची गर्दी होती. आम्ही एका कडेच्या बाकावर बसलो. नबीलनं दोन चहा आणले. स्वतःचा त्यानं बाकावर तसाच ठेवून दिला.

"तुम्हाला बरं नाही का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मॅडम, लिफाफा तुमच्याकडं हाय ना?"

"आहे की."

"त्यावर सही नका करू."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्यानं सांगितलं. पडद्यावर जो मुलगा उभा राहिला होता, त्यानं परीक्षेचं चित्रण केलं होतं. अभिमानानं. माझा प्रश्न आणि नबीलचं उत्तर एवढाच तुकडा कापून त्यानं आपल्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या देशभर फिरला. आज पहाटे नबीलच्या आईचा फोन आला होता. घरी माणसं आली होती. नबील कुठं असतो, कुणाच्या सांगण्यावरून बोलतो, असं विचारत होती. धाकट्या भावाला चौकशीसाठी म्हणून घेऊन गेली.

"कोण माणसं? कुठल्या बाजूची?"

"आई विचारत नसती असं. आन बाजूनं काय फरक पडतोय? मी दोघांनाही नाही म्हटलं."

आमच्यासमोर एक म्हातारी करडईच्या भाजीच्या जुड्या लावत होती. मी तिच्या हातांकडं बघत राहिले.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? नाष्ट्याच्या वेळी, रिक्षात, कधीही."

"परीक्षकाला कसं सांगणार? सर म्हणाले होते, प्रकरण असं लिही की वाचणाऱ्याला कळंल, पण कुणाला बोट दाखवता येणार न्हाई. मी तसंच लिहिलं." तो माझ्याकडं वळला. "तुम्ही विचारलं. सगळे बघून राहिले. खोटं बोलायला जमलं न्हाई."

मग उरलेलं. पदवी मिळाली की विद्यार्थी म्हणून दिलेला व्हिसा संपतो. दोन-तीन महिन्यांत परत जावं लागतं. नोंदणीची मुदतही संपलेली, त्यामुळे प्रबंध मागं घेतला तर नाव कमी होणार आणि व्हिसाही जाणार. शिवाय पदवी मिळालेला प्रबंध सगळ्यांना वाचायला खुला होतो. पाचवं प्रकरण, त्याच्या नावासकट. वाट एकच होती: दुसरी चौकट. दुरुस्ती करून पुन्हा सादर करायला सहा महिने मिळतात. तेवढ्यात तो दिल्लीला निर्वासितांच्या कार्यालयात अर्ज करणार होता.

"पण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही नबील."

"हाव," तो म्हणाला. "तेच तर अवघड हाय."

लातूरची गाडी लागली. आम्ही चढलो. शिरूर, चाकूर मागं गेलं. मी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. मला फक्त परत परत माझी टाळी ऐकू येत होती.

निलंगा

लातूरला गाडी बदलून निलंग्यात उतरलो तेव्हा दुपार टळत होती. स्टँडाबाहेर गाड्यावर निलंगा राईस मिळतो, तिखट, पिवळा, वर शेव आणि चिरलेला कांदा. नबीलनं मला आग्रहानं घ्यायला लावला, स्वतः चार घास खाल्ले आणि ताटली ठेवली. गाडेवाला त्याला ओळखत होता. "सरांकडं का? पाय कसा हाय आता त्यांचा?" असं म्हणून त्यानं सरांसाठी एक पुडकं बांधून दिलं.

केंद्रे सरांचं घर तिथून रिक्षानं वीस मिनिटांवर. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरमागं आमची रिक्षा कण्हत चालली होती. सर पडवीत लोखंडी पलंगावर होते, पायाला वजन बांधलेलं. कागदासारखे पांढरे झालेले. नबीलनं त्यांना पहाटेच फोन करून सांगितलं होतं. त्यांनी आधी त्याला जवळ बोलावलं, त्याचं मनगट धरलं.

"भावाचं कळलं का काही?"

"न्हाई सर."

मग माझ्याकडं वळले. रागावतील असं वाटलं होतं. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "मी इथनं ओरडून राहिलो होतो मॅडम. तुम्हाला ऐकूच आलं न्हाई."

"आवाज बंद केला होता सर."

"हां. माझ्या लक्षात आलं मागून."

त्यांच्या पत्नीनं पाणी आणलं, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आणली. सर सांगू लागले. तीन वर्षं ते नबीलची प्रकरणं लाल करून परत पाठवत होते. कधी तळटीप चुकीची, कधी परिच्छेद लांब. विभागात सगळे म्हणत, केंद्रे आळशी आहे, परदेशी पोराला उगीच लटकवतोय. "मला वाटायचं, तिथलं काहीतरी मिटंल तोवर. न्हाई मिटलं. मुदत संपत आली, म्हणून सादर करू दिला. पाचवं प्रकरण काढून टाक म्हटलो होतो. हा म्हणाला, सर, मग उरतंच काय?"

मी लिफाफा काढला. खूण केलेला फॉर्म बाजूला ठेवला, कोरा पुढं घेतला. माझा हात थांबला, हे लपवणार नाही. तीस वर्षांत मी मंत्र्याच्या भाच्याला नापास केलं होतं, मैत्रिणीच्या मुलीला दुरुस्तीला पाठवलं होतं. खोटा अहवाल कधी लिहिला नव्हता. तो लिहिण्याची पाळी आली ती मी वाचलेल्या सगळ्यात खऱ्या प्रबंधावर.

"सर, दोष काय लिहू? निदान चार तरी लागतील."

पलंगाच्या पायथ्याशी बसलेला नबील म्हणाला, "मी सांगतो. लिहा."

आणि तो सांगू लागला. पाचव्या प्रकरणाचा मूळ विषयाशी संबंध नाही. निष्कर्षाला पुरेसा आधार नाही. चालू घडामोडींचा मोह टाळायला हवा होता. संशोधकाची भाषा काही ठिकाणी भावनिक झाली आहे. मी लिहून घेत होते. एका वाक्याला तो अडला, परत म्हणाला, "न्हाई, ते असं लिहा," आणि जास्त कठोर शब्द सुचवला. आपलंच लिखाण कुठं धरून फाडायचं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

शेवटी शिफारस: पाचवं प्रकरण वगळून प्रबंध सहा महिन्यांत पुन्हा सादर करावा.

मी सही केली. सरांना पेन धरता येत होतं, पण उताणं झोपून सही होईना. नबीलनं त्यांच्या पाठीमागं हात घालून त्यांना उचलून धरलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. सही वेडीवाकडी झाली. पहिला फॉर्म मी त्यांच्या चुलीत घातला.

लातूरला त्यानं मला गाडीत बसवून दिलं. बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली दिली. फलाटावर उभं राहून म्हणाला, "रशीदभाईला सांगू नका मॅडम. कुणालाच नका. खरं बाहेर आलं तर दुरुस्ती रद्द होईल."

मी त्याची माफी मागितली. त्यानं ऐकून घेतली. "असू द्या" असं काही तो म्हणाला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

कोल्हापूर

घरी पोचल्यावर आठवडाभरानं रशीदभाईंचा फोन आला. नंबर नबीलकडून घेतला नव्हता, विभागातून मिळवला होता. "आमच्या घरी जेवल्या तुम्ही," ते म्हणाले. "तोंडावर तारीफ केली, टाळ्या वाजवल्या, आन मागून पोराला अडवलं. का केलं असं? काय वाकडं केलं होतं त्यानं तुमचं?" मी म्हटलं, नियमात जे बसलं ते केलं. त्यांनी फोन ठेवला. नांदेडात माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते आमच्या कॉलेजपर्यंतही पोचलं. मी काही खुलासा केला नाही.

सहा महिन्यांनी प्रबंध पुन्हा आला. चारच प्रकरणं. निष्कर्षात लिहिलं होतं की राष्ट्राध्यक्ष आणि कायदेमंडळ यांच्यात समतोल राखण्याची घटनेची योजना आहे. एवढंच. कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल असं वाक्य. मी पहिल्या चौकटीत खूण केली. अहवालात प्रबंधाच्या गुणांसाठी सहा ओळी असतात. त्या भरायला मला दोन दिवस लागले.

त्याच्या भावाचा पत्ता लागला नाही. हे मला केंद्रे सरांनी सांगितलं. ते आता काठी घेऊन अंगणात फिरतात. दिल्लीत नबीलचा अर्ज घेतला गेला होता, अर्जाची पोच मिळाली होती, मुलाखत व्हायची होती. एका जुन्या वस्तीत तो तीनजणांत खोली घेऊन राहत होता. मग त्याचा फोन लागेनासा झाला. सरांनी केला तरी लागेना. देशाबाहेर गेला म्हणावं, तर बाहेर जायचे कागद नव्हते. परत पाठवला म्हणावं, तर कळवणारं कुणी नाही.

मी निवृत्त झाले. मागच्या महिन्यात दुपारी फोन वाजला. नांदेडचा नंबर.

"मॅडम, रशीद बोलतोय. गादीवाला." मी बसले. "त्यानं जाताना सगळं सांगितलं मला. मी तुम्हाला लई बोललो. माफ करा."

"तुमचं काही चुकलं नाही रशीदभाई."

"पोस्टानं नबीलची सनद आली हाय. मोठा लिफाफा, विद्यापीठाचा शिक्का. पत्ता माझ्याच घरचा दिला होता त्यानं. बायको म्हणाली, उघडून बघू. मी उघडू दिला न्हाई, त्याची हाय, तोच उघडंल." मागं कापूस पिंजायच्या यंत्राची घरघर चालली होती, ती कुणीतरी बंद केली. "तर मॅडम, ही कुठं धाडू? तुमच्याकडं त्याचा पत्ता असंल."

मी डायरी उघडली. दिल्लीचा पत्ता होता, तो त्यांच्याकडंही होता. तिथून माझं एक पत्र परत आलं होतं. तरी मी पानं उलटत राहिले आणि पलीकडं रशीदभाई फोन धरून थांबून राहिले.